नेहमीच्या चालीनं

प्रेमलाबाई फोनवर हसल्या आणि वसंतरावांच्या कपातला चहा बशीत सांडला. फार नाही, घोटभर. एरवी त्यांनी तो बशीतून पिऊन टाकला असता. आज नुसते बघत बसले. हसणं स्वयंपाकघरातून आलं होतं. लेकीचा, भैरवीचा, हैदराबादहून फोन आला की प्रेमलाबाई हसायच्या ते वेगळं, त्यात डोळे पुसणं आधीच मिसळलेलं असायचं. शेजारणीशी हसायच्या ते पदर तोंडाला लावून. हे हसणं मोकळं होतं, गळ्यातून वर आलेलं, आणि वसंतरावांनी ते पूर्वी कधीतरी ऐकलं होतं. कुठं ते मात्र काही केल्या आठवेना. "छे हो डॉक्टर, इतकी काही म्हातारी नाही झाले मी," असं प्रेमलाबाई म्हणाल्या, मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि त्या सावकाश, एकेक गोष्ट आठवत सांगू लागल्या. गुडघा बरा आहे. पायऱ्या उतरताना थोडा धरतो. जेवण जातं. झोप पहाटे मोडते. वसंतरावांनी पेपर तोंडासमोर धरला, पण एक ओळ डोक्यात शिरली तर शपथ. शुक्रवार होता. शुक्रवारी सकाळी त्या डॉक्टरचा फोन यायचा, आणि तेवढा वेळ घरातला चहा, पेपर, बाहेरच्या हमरस्त्यावरून सोलापूरकडं जाणारे ट्रक, सगळं जागच्या जागी असूनही वसंतरावांना आपण कुणाच्यातरी घरी पाहुणे आलोय असं वाटायचं.

त्यांना हेवा वाटत होता. आडपडदा कशाला, जळफळाट होत होता. त्र्याहत्तराव्या वर्षी! आणि कुणाचा, हेच धड ठरत नव्हतं. डॉक्टर शांतलिंग म्हणजे भैरवीपेक्षा लहान, बारीक मिशीचा, पायात रबरी चपला घालून फिरणारा पोरगा. त्याचा हेवा करायचा म्हणजे स्वतःलाच हसू यावं. मग प्रेमलाबाईंचा? की तिसऱ्याच कशाचा, त्या विचारण्याचा? उमरग्याच्या तहसीलमध्ये अव्वल कारकून म्हणून वसंतरावांची उभी नोकरी गेली, आणि तिथं विचारायला येणारा माणूस त्यांच्यापाशीच येई. साहेब कुठंत, नक्कल कधी मिळंल, सातबाऱ्यावर नाव कधी चढंल. प्रश्न आला की उत्तर वसंतरावांनी द्यायचं, ही जगाची रीत होती. आणि आता त्यांच्याच घरात प्रश्न येत होते, रोख दुसऱ्या माणसाकडं होता, आणि ते दुसरं माणूस मजेत उत्तरं देत होतं.

वास्तविक हे सगळं त्यांच्याच हातानं घडलं होतं. उमरग्यात स्टँडच्या मागं एक जुनं मंगल कार्यालय होतं, लग्नं नव्या लॉनवर व्हायला लागल्यापासून ओस पडलेलं. तिथं या डॉक्टरचं संशोधन केंद्र आलं. माणूस आईच्या पोटात असल्यापासून म्हातारा होईपर्यंत त्याच्या तब्येतीचं काय काय होत जातं, कोणत्या वयात कोणता उपचार लागू पडतो, ते वर्षानुवर्षं बघत राहायचं असं त्यांचं काम. दारातल्या खोलीत गरोदर बायका आणि तान्ही पोरं, मधल्या खोलीत शाळेतली, आणि आतल्या मोठ्या हॉलमध्ये साठीच्या पुढची. घरोघर फिरून माणसं निवडायची, पण एका घरातलं एकच. त्यासाठी शिवकांता नावाची कार्यकर्ती त्यांच्या दारात आली तेव्हा वसंतराव खुर्ची सरसावून बसले. "लिहा, वसंतराव," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या आमच्या ह्या." शिवकांता म्हणाली, "काका, ह्या म्हंजी? नाव सांगा की." तेव्हा त्यांना ते नाव उच्चारावं लागलं, आणि ते जिभेवर परक्या गावच्या नावासारखं आलं. हाक मारायला त्यांना नाव कधी लागलंच नव्हतं. 'ऐकलंस का' म्हटलं की भागायचं. शिवकांतानं दोन चिठ्ठ्या केल्या आणि वाटीत घालून त्यांच्यासमोर धरल्या. चिठ्ठी वसंतरावांनी उचलली. निघालं प्रेमलाबाईंचं नाव. "असं कसं? परत काढू," ते म्हणाले. शिवकांता हसली, पण वाटी तिनं पिशवीत टाकली होती.

मग ते चालणं. शिवकांतानं बैठकीत फरशीवर इकडं एक आणि तिकडं एक अशा दोन रंगीत पट्ट्या चिकटवल्या, आणि ह्या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत चाला म्हणाली. "घाई न्हाय, काही न्हाय. नेहमीच्या चालीनं चाला, काकू." प्रेमलाबाई पट्टीशी उभ्या राहिल्या आणि राहिल्याच. त्याआधीच्या प्रश्नांची उत्तरं वसंतरावांनी दिली होती, झोप चांगली लागते तिला, चक्कर वगैरे काही नाही, आणि "काका, काकूंना बोलू द्या की" असं शिवकांता दोनदा म्हणाली होती. आता बायको नुसती उभी आहे म्हटल्यावर त्यांना राहवेना. "अशी. बघ," म्हणून ते उठले आणि पुढं चालू लागले, शिकवणारा माणूस चालतो तसे, पाऊल दाखवत दाखवत. शिवाय अलीकडं जरा भराभर चाललं की छातीत काहीतरी दाटून आल्यासारखं व्हायचं, तेही होतंच. प्रेमलाबाई लगेच निघाल्या. त्यांच्या मागं, दोन पावलांचं अंतर ठेवून, जशा तुळजापूरला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी देवीच्या पायऱ्या उतरताना होत्या, जशा बाजारात, लग्नकार्यात, दवाखान्यात, सगळीकडं असायच्या. "काका, तुम्ही बाजूला व्हा की," शिवकांता म्हणाली. "अहो, तिला समजायला नको? परत चालतो, तुम्ही मोजा," असं म्हणून वसंतराव परत पुढं झाले. ऊन मी म्हणत होतं, शिवकांताला अजून किती घरं करायची होती कोण जाणे. तिनं घड्याळाचं बटण दाबलं आणि जे आलं ते घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर शांतलिंग स्वतः आला. कॉटवर प्रेमलाबाईंच्या समोर बसला, वसंतरावांकडं पाठ नाही पण बगल करून, आणि म्हणाला, "प्रेमलाताई, तुमची चाल फार मंद आली आहे." ताई! काकू म्हणायला काय झालं होतं? या वयात चाल अशी मंदावली तर पुढं पडणं, आजारपणं यांचा धोका वाढतो, असं त्यानं सांगितलं. अशा लोकांचा एक गट केलाय, दर मंगळवारी केंद्रात व्यायाम, शुक्रवारी मी फोन करून चौकशी करीन, त्यानं काही फरक पडतो का ते बघायचंय. प्रेमलाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. वसंतराव मान डोलवत म्हणाले, "ती पहिल्यापासूनच हळू आहे."

तेव्हा त्यांना बरंसुद्धा वाटलं होतं. आपण धडधाकट आणि बायको नाजूक, म्हणजे सगळं ठीक. पण मंगळवार यायला लागले आणि त्यांचा नूर बदलला. सकाळी लवकर पोळ्या करून झाकून ठेवलेल्या. पाण्याची बाटली, पायात भैरवीनं पाठवलेले बूट, साडीवर बूट! पहिल्या काही मंगळवारी ते सोबत गेले. बाहेरच्या बाकावर गरोदर बायकांच्या रांगेत बसून राहायचे, आणि एखादी विचारायची, "काका, तुमचं काय?" "आमच्या ह्या आत आहेत," ते सांगायचे. आतून खुर्च्या सरकवल्याचे, बायकांच्या हसण्याचे आवाज यायचे. मल्लम्मा म्हणून कुणी निम्मं कानडी बोलणारी बाई होती, ती म्हणे व्यायाम करता करता सगळ्यांच्या नकला करते. एकदा त्यांनी शिवकांताला गाठलं. "माझं बीपी तरी बघा जरा." तिनं हसत पट्टा गुंडाळला, फुगवला, म्हणाली, "जरा जास्त हाय, काका. दवाखान्यात दाखवा." वसंतराव वाट बघत राहिले. "लिहिलं नाही?" "काका, तुमचं कुठं लिहू?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, तिच्याकडं खरोखरच जागा नव्हती. छातीत दाटून येतं ते सांगायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण तिनं विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची वसंतरावांना सवय नव्हती. त्यानंतर ते केंद्रात गेले नाहीत.

आणि मग ते पोहण्याचं प्रकरण. एका शुक्रवारी ते न्हाणीतून बाहेर येत होते. प्रेमलाबाई फोनवर सांगत होत्या की पहाटे जाग येते, मग उठत नाही, पडून राहते. कसला विचार करता, असं पलीकडून विचारलं असावं. त्या लाजत म्हणाल्या, "पोहायचा. नळदुर्गला आमच्या घरामागनं बोरी नदीला वाट होती. आम्ही मुली पोहायचो. मी पार पलीकडं जायची. पहाटे डोळे मिटले की अजून हात मारते पाण्यात." वसंतराव ओल्या पायांनी दाराआड उभे राहिले. हिला पोहता येतं? या बाईच्या शेजारी आपण चव्वेचाळीस वर्षं झोपतो, आणि पहाटे ही नदी ओलांडून जाते, आणि आपण घोरतो? त्यांना विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर चोरून ऐकलं हे कळलं असतं. दिवसभर ते त्या नदीवर येऊन अडत राहिले. डाळीला मीठ कमी आहे म्हणाले, खरं म्हणजे नव्हतं. संध्याकाळी भैरवीला फोन लावला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "तुझ्या आईला आजकाल डॉक्टरचे फोन येतात. झोप लागली का म्हणून विचारतात." भैरवी खो खो हसली. "मग बाबा, तुम्ही विचारा ना!"

त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना, घसा साफ करून, "झोप लागली का रात्री?" प्रेमलाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. त्या जवळ आल्या, त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि म्हणाल्या, "का हो? तुम्हाला नाही लागली?" डॉक्टरनं विचारलं की हीच बाई गुडघ्यापासून नदीपर्यंत सगळं सांगते, आणि आपण विचारलं की आपल्यालाच काहीतरी झालंय असं समजते. "लागली," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

तर आज ते हसणं. चहा सांडून निवून गेला तरी वसंतराव ते कुठं ऐकलं ते शोधत होते, आणि पेपरातल्या रेल्वेच्या कुठल्याशा बातमीवरून ते एकदम सापडलं. येडशीचं स्टेशन. लग्नाला महिना झाला नसेल. दोघं गाडीतून उतरून रामलिंगाला गेले होते. झाडीतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या, कठड्यावर बसलेली माकडं, आणि प्रेमला, तेव्हा ती प्रेमलाबाई नव्हती, चपला हातात घेऊन धावत खाली गेली होती. सगळ्यांच्या पुढं. खालून वर बघत ती मोकळी हसली होती आणि ओरडली होती, "या ना लवकर!" तेच हसणं. वसंतरावांना असं बरं वाटलं, जशी आपल्याच ट्रंकेतली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी आणि ती आपली आहे हे सिद्ध करता यावं. ते हसणं आधी माझं होतं, डॉक्टर. तुम्ही जन्मायच्या आधी. पण पुढं काय झालं, ते पायऱ्या उतरून तिच्यापाशी गेले तेव्हा काय बोलले, तिथं आठवण अडली. त्यांनीही ती फार ताणली नाही.

अर्धं वर्ष होत आलं होतं. त्या गटाची परत चाल मोजायची होती, आणि घरचं माणूस आलं तरी चालेल असा निरोप होता. वसंतराव गेले. जायचं नाही असं दोनदा ठरवून गेले. जाताना नेहमीप्रमाणे तेच पुढं होते, प्रेमलाबाई मागं. आतल्या हॉलमध्ये त्यांनी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एका टोकाला लग्नाचा चौथरा अजून तसाच होता, त्यावर आता वजनकाटे ठेवले होते, आणि चौथऱ्यासमोर, वऱ्हाड बसायचं तिथं, त्या दोन पट्ट्या. वसंतरावांना भिंतीकडेची खुर्ची मिळाली. "काका, आज तुम्ही उठायचं न्हाय बरं का," शिवकांता चेष्टेनं म्हणाली. डॉक्टर घड्याळ घेऊन उभा होता. प्रेमलाबाईंनी पदर कमरेला खोचला. "नेहमीच्या चालीनं, ताई."

आणि त्या निघाल्या. दूध उतू जायला लागल्यावर बाई जाते तशा गेल्या, धावत नव्हे, पण मधलं काहीच आडवं येऊ न देता. हात हलत होते. मान वर होती. वसंतराव बघत राहिले. ही चाल त्यांनी या बाईची कधी पाहिली नव्हती. कशी बघणार? ते पुढं असायचे. मागं वळून बघितलं की त्या थांबलेल्या असायच्या, किंवा दोन पावलांवर हळूहळू येत असायच्या. डॉक्टरनं घड्याळ बघितलं, परत चालायला लावलं. परत तेच. तो आधी हसला, शिवकांताला दाखवलं, आणि मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "व्यायामानं फरक पडतो," तो म्हणाला, "पण इतका नाही पडत. पहिल्या वेळी घरी चाल कशी मोजली होती?" शिवकांताचा चेहरा उतरला. "सर, तवा... काका पुढं चालत होते. मी म्हणलं बाजूला व्हा म्हणून."

डॉक्टर वसंतरावांकडं वळला. पहिल्यांदा पूर्ण वळला, आणि त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसला. "काका, आठवतंय का तुम्हाला? तुम्ही पुढं होतात का? कुणाची चूक काढत नाहीये मी. पण ताईंची चाल मुळातच चांगली असली तर त्यांना ह्या गटात ठेवता येणार नाही. बाकीच्यांचे निष्कर्ष बिघडतात."

शेवटी त्यांना कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. वसंतरावांनी वर पाहिलं तर डॉक्टरच्या खांद्यावरून प्रेमलाबाई त्यांच्याकडं बघत होत्या. विनवणी नव्हती त्या बघण्यात, राग नव्हता. तहसीलमध्ये कागद खिडकीतून आत सरकवून माणसं गप उभी राहायची, तशा त्या उभ्या होत्या. 'आठवत नाही' एवढंच म्हणायचं होतं. या वयाच्या माणसाचं ते कुणीही मान्य केलं असतं. मंगळवार राहिला असता, मल्लम्माच्या नकला, शुक्रवारचा फोन, नदी. वसंतरावांना हे सगळं कळत होतं. आणि हेही कळत होतं की 'हो' म्हटलं तर फोन थांबेल, सकाळी पोळ्या गरम मिळतील, ते हसणं दुसऱ्या कुणाला जाणार नाही. नोकरीत आपण कधी खोटं लिहिलं नाही, हे त्यांना नेमकं त्या क्षणी फार अभिमानानं आठवलं.

"हो," ते म्हणाले. "मीच पुढं होतो. दोन्ही वेळेला."

मग प्रेमलाबाई म्हणाल्या, "हे पुढं असले की मी तशीच चालते, डॉक्टर. ह्यांना ओलांडून कशी जाणार?" साधं सांगितलं, गुडघ्याचं सांगावं तसं. डॉक्टर उठला. "मग ही आनंदाचीच बातमी आहे, प्रेमलाताई. तुम्हाला काही झालेलंच नव्हतं." "हो का," त्या म्हणाल्या. आता शुक्रवारी फोन येणार नाही, वर्षातून एकदा शिवकांताताई घरी येऊन बघून जातील, असं तो सांगत होता. "आणि मंगळवारी?" त्यांनी विचारलं. "मंगळवार त्या गटापुरताच आहे, ताई." प्रेमलाबाईंनी मान हलवली आणि कमरेला खोचलेला पदर सोडून खांद्यावरून नीट घेतला. ते बघताना वसंतरावांना रामलिंगाच्या पायऱ्यांवरचं राहिलेलं आठवलं. ते खाली उतरले होते, आणि हातातल्या चपला तिला खाली ठेवायला लावून म्हणाले होते, "लोक बघतायत. जरा बाईमाणसासारखं चाल." तिनं असाच पदर खांद्यावरून घेतला होता. परतताना त्यांनी एकदा वळून बघितलं, ती दोन पावलं मागं होती, आणि त्यांना बरं वाटलं होतं.

बाहेर ऊन होतं. वसंतराव छत्री उघडून चालू लागले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटत नव्हतं. काहीतरी बोलावं, आज बाहेरच चहा घेऊ म्हणावं, पोहण्याचं विचारावं, आता लपवून काय उपयोग होता? हमरस्त्याच्या बाजूच्या वाटेला लागताना सवयीनं त्यांनी मान मागं वळवली. मागं कुणी नव्हतं. त्यांनी पुढं बघितलं. प्रेमलाबाई त्यांच्या बाजूनं कधी गेल्या ते कळलंच नव्हतं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या पलीकडं, पाण्याची बाटली हातात धरून त्या चालल्या होत्या, त्या हॉलमधल्याच चालीनं, मान वर, मधलं काही आडवं येऊ न देता. रागानं चालल्या होत्या असंही म्हणता येत नव्हतं. ती त्यांची नेहमीची चाल होती.

वसंतरावांनी पावलं उचलली. थोडं गेल्यावर छातीत दाटून आलं. छत्री मिटून ते विजेच्या खांबाला धरून उभे राहिले. "ऐकलंस का!" त्यांनी हाक मारली. एक ट्रक गेला, त्यात ती विरली. "अगं, ऐकलंस का!" प्रेमलाबाईंचं अंतर वाढत होतं. ऐकलंस का, अशी हाक तर त्या रस्त्यावरच्या कुणीही कुणालाही मारली असती. मग वसंतरावांनी सगळा श्वास गोळा केला आणि चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "प्रेमला!"

त्या थबकल्या. झटकन वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, क्षणभरच, ते रामलिंगाचं हसू उमटायला लागलं होतं. वसंतरावांनी हात वर केला. पण प्रेमलाबाईंची नजर त्यांच्यावरून सरळ मागं गेली, रस्ता ओलांडून, जुन्या मंगल कार्यालयाच्या दारापर्यंत, आणि आपल्याला कुणी हाक मारली ते तिथं शोधू लागली. वसंतरावांनीही मागं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.